सेव्हन आयर्न कधी फॅट, कधी थिन: वजन डावीकडे न्यायचं, पण केव्हा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४४, पुण्यात आयटीतली नोकरी, कॉलेजात आणि नंतर काही वर्षं लेदर बॉल क्रिकेट, आता गोल्फ, हँडिकॅप (खेळाच्या पातळीचा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) २२. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) मॅटवरून सेव्हन आयर्न (मध्यम अंतराचा क्लब) झकास बसतं. कोर्सवर गेलं की दोनातला एक शॉट फॅट (क्लब आधी जमिनीत), नाहीतर थिन (क्लबची धार बॉलच्या पोटावर). ग्रुपमधले सगळे म्हणतात, "वेट शिफ्ट होत नाहीये." ते करायला गेल्यापासून अंग डोलायला लागलं आणि ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा) स्लाइस, म्हणजे बॉल उजवीकडे वळणं, वाढला. वेट शिफ्ट नक्की करायचं कसं, स्लाइसही त्यातूनच येतोय का, आणि आयर्न्सचा सेट बदलून काही फरक पडेल का?

तुमच्या मित्रांचं निदान चूक नाही, अर्धवट आहे. वजन डाव्या पायावर जायला हवं हे सगळेच सांगतात; कधी जायला हवं हे सहसा कुणी सांगत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक हौशी खेळाडूंचं वजन शेवटी डाव्या पायावर आलेलं असतंच. फिनिशचा फोटो काढला तर छान दिसतो. अडचण एवढीच, की ते पोचतं तेव्हा बॉल निघून गेलेला असतो. अशा माणसाला "अजून शिफ्ट कर" म्हटलं की तो आणखी लांब सरकतो आणि उशीर मात्र तेवढाच राहतो. तुमचं डोलणं तिथून आलंय. (हे सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी लिहितोय, डावखुऱ्यांनी डावं-उजवं बदलून वाचावं.)

वजनाकडे वळण्याआधी जमिनीकडे बघू, कारण शॉट चांगला बसला की नाही याचा निकाल तिथे लागतो.

क्लबहेड खाली येतं, कुठेतरी सगळ्यात खाली पोचतं आणि परत वर जायला लागतं. त्या सगळ्यात खालच्या जागेला लो पॉइंट म्हणतात. जमिनीवरचा बॉल आयर्नने मारताना हा लो पॉइंट बॉलच्या पुढे, टार्गेटच्या बाजूला, दोन-चार इंचांवर पडायला हवा. म्हणजे क्लब अजून उतरत असतानाच बॉलला लागतो आणि गवत त्यानंतर कापलं जातं. ट्रॅकमॅनने (क्लब आणि बॉलची हालचाल रडारने मोजणारी कंपनी) पीजीए टूरवरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या पुरुष व्यावसायिक, खेळाडूंची जी सरासरी प्रसिद्ध केली आहे त्यात सेव्हन आयर्न बॉलवर सुमारे ४ अंश खालच्या दिशेने येतं, आणि बॉल सुमारे १६ अंशांनी वर निघतो. क्लब खाली जातोय आणि बॉल वर, कारण वर नेण्याचं काम तोंडावरचा तीसेक अंशांचा लॉफ्ट, म्हणजे कल, करतो. हे ज्याला मनातून पटलेलं नसतं तो बॉलखाली क्लब घालून त्याला उचलायला बघतो. उचलायला गेलं की अंग मागे रेलतं आणि वजन उजव्या पायावर राहतं. अशा खेळाडूला वजनाबद्दल कितीही सांगा, बॉल उचलायची ओढ जाईपर्यंत त्याचा पाय काही ऐकत नाही.

फॅट आणि थिन यांना दोन वेगळी दुखणी समजू नका. लो पॉइंट बॉलच्या मागे पडला की क्लब एकतर तिथेच जमिनीत घुसतो, तो फॅट. नाहीतर जमिनीला चाटून वर यायला लागतो आणि त्याची खालची धार बॉलच्या पोटावर बसते, तो थिन. एका होलवर फॅट आणि पुढच्या होलवर थिन मारणारा माणूस बहुतेक वेळा एकच स्विंग दोनदा करत असतो. मधल्या वेळात त्याने घाबरून हात थोडे आखडलेले असतात, एवढंच.

मग मॅटवर सगळं छान का? कारण मॅट खोटं बोलते. क्लब बॉलच्या दोन इंच मागे पडला तरी रबरावरून घसरत पुढे येतो आणि बॉलला बऱ्यापैकी लागतो. आवाज जरा बोदा येतो, बॉल पाच-दहा यार्ड कमी जातो, पण रेंजचे झिजलेले बॉल कुठे नेमके पडले ते कोण बघतं? कोर्सवर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बर्म्युडा गवत असतं. हे नाव ऐकून दचकू नका, सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. ग्रीनवर तिच्या संकरित जाती लावतात. शेतातली हरळी उपटताना किती चिवट लागते हे ज्याने अनुभवलंय त्याला वेगळं सांगायला नको. जमिनीलगत पसरलेल्या त्या कांड्यांच्या जाळ्यात क्लबची धार मागून घुसली की क्लब तिथेच थांबतो.

त्यात ऋतूंचा खेळ. जुलै-ऑगस्टमध्ये जमीन भुसभुशीत असते, तेव्हा लो पॉइंट जरा मागे पडला तरी क्लब खोल जातो, बॉल वीस यार्डांवर आणि चिखल थेट पँटवर. एप्रिल-मेमध्ये तीच फेअरवे टणक होते, क्लबचा तळ आपटून उसळतो आणि तोच स्विंग थिन देतो. म्हणून "पावसाळ्यात मी फॅट मारतो आणि उन्हाळ्यात थिन" असं कुणी सांगितलं की मी स्विंग न बघताही लो पॉइंट मागे असणार हे धरून चालतो.

आता लो पॉइंट ठरतो कशावर? ढोबळपणे दोन गोष्टींवर. पहिली म्हणजे इम्पॅक्टच्या वेळी, क्लब बॉलला लागतो तेव्हा, छाती आणि डावा खांदा कुठे आहेत. डावा हात आणि शाफ्ट (क्लबचा दांडा) एका रेषेत आले की क्लब साधारण डाव्या खांद्याच्या खाली तळ गाठतो. दुसरी, मनगटं कधी सुटतात. वजन व्यवस्थित डावीकडे गेलंय, पण मनगटं वरूनच सुटली, ज्याला कास्टिंग म्हणतात, तर क्लब बॉलच्या मागेच तळ गाठणार. म्हणजे एकाच फॅट शॉटची कारणं दोन, आणि औषधंही दोन. चुकीचं औषध घेत बसलात तर महिने जातात.

तुमचं कोणतं, ते आधी शोधा. गवतावर जा, नाइन आयर्न घ्या. उजवा पाय एक पाऊल मागे घ्या आणि त्याची फक्त बोटं टेकवा, तोल सावरण्यापुरती. आता जवळजवळ सगळं वजन डाव्या पायावरच आहे, शिफ्ट करायला काही उरलंच नाही. कमरेइतका बॅकस्विंग, कमरेइतकाच फॉलोथ्रू, असे दहा-बारा शॉट मारा. ते स्वच्छ बसले, बॉलच्या पुढचं गवत उडालं, तर तुमची मनगटं ठीक आहेत आणि प्रश्न खरोखर शिफ्टचा आहे. इथेही फॅट बसले तर वजनाचा विषय काही दिवस बाजूला ठेवा आणि आधी मनगटांचं काम करा. त्याबद्दल पुढे लिहिलंय. तुम्ही क्रिकेट खेळलेले आहात, त्यामुळे दोन्ही थोडं थोडं निघेल असा माझा अंदाज.

शिफ्टचं वेळापत्रक नीट समजून घ्या, या उत्तरातला सगळ्यात कामाचा भाग तोच आहे. चांगल्या खेळाडूचा बॅकस्विंग साधारण पाऊण सेकंदाचा आणि टॉपपासून (क्लब सगळ्यात मागे पोचतो तिथून) बॉलपर्यंतचा डाउनस्विंग पाव सेकंदाचा असतो. काही दिसल्यावर हात-पाय हलवायलाच माणसाला साधारण एक-पंचमांश सेकंद लागतो. त्यामुळे टॉपला पोचून "आता वजन डावीकडे" असा विचार केलात तर विचार पायापर्यंत पोचेतो बॉल गेलेला असतो. हा निर्णय बॅकस्विंग चालू असतानाच अमलात यायला हवा.

टूरवरचे खेळाडू नेमकं तेच करतात. पायाखाली प्रेशर प्लेट ठेवून घेतलेल्या नोंदींत चित्र साधारण असं दिसतं: सुरुवातीला दोन्ही पायांवर जवळपास सारखा दाब. क्लब मागे निघाला की दाब झपाट्याने उजव्या पायाकडे जातो आणि डावा हात जमिनीला समांतर यायच्या सुमारास तिथे सगळ्यात जास्त असतो. म्हणजे बॅकस्विंग अर्धाच झालेला असतो. तिथून दाब डावीकडे परत निघतो, आणि क्लब तेव्हा अजून मागेच जात असतो. डाउनस्विंगमध्ये डावा हात पुन्हा समांतर येईतो तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त दाब डाव्या पायावर आलेला असतो. हौशी खेळाडूच्या नोंदीत उजव्या पायावरचा दाब थेट टॉपला सगळ्यात जास्त दिसतो, आणि मग पाव सेकंदात सगळी धावपळ.

इथे दाब हा शब्द मुद्दाम वापरतोय. पायाखालचा दाब आणि शरीराचं वस्तुमान या दोन गोष्टी हालचालीत वेगवेगळ्या जागी असतात. अंग उजवीकडे जात असेल तर ते थांबवायला उजवा पाय जमिनीला रेटतो, म्हणून दाब अंगाच्या आधी उजवीकडे पोचतो. तोच रेटा अंगाला डावीकडे ढकलतो. मग डावा पाय ते अंग अडवायला रोवला जातो आणि दाब पुन्हा अंगाच्या आधी डावीकडे. अंग स्वतः थोडंसंच हलतं. इम्पॅक्टला कंबर सुरुवातीच्या जागेपेक्षा जरा टार्गेटकडे असते, डोकं मात्र बहुतेक होतं तिथेच. तुम्ही डोलता कारण दाब हलवायच्या ऐवजी अख्खं अंग हलवताय.

आणि हे तुम्हाला येतं! कव्हर ड्राइव्ह आठवा. पुढचा पाय निघतो तेव्हा बॅट अजून मागे-वर जात असते. पाय टेकतो, त्यावर भार येतो, आणि मग बॅट खाली येते. आधी बॅट पूर्ण मागे, मग थांबून पाय, मग फटका, असं कुठलाही बॅट्समन करत नाही. गोल्फमध्ये क्रम तोच. फरक असा की क्रिकेटमध्ये बॉलच्या टप्प्यापर्यंत पोचायला डोकं आणि छाती पुढे न्यावी लागते. इथे बॉल आधीच योग्य जागी ठेवलेला आहे, त्यामुळे डोक्याने प्रवास करायचं कारण नाही. आणखी एक सवय क्रिकेटमधून येते ती खालच्या हाताची, पण ती मनगटांच्या भागात.

हा क्रम अंगात भिनवायला स्टेप ड्रिलइतकं चांगलं मला तरी दुसरं काही सापडलेलं नाही. एट आयर्न घ्या, बॉल छोट्या टीवर (खुंटीवर) ठेवा. दोन्ही पाय जुळवून उभे राहा. क्लब मागे न्यायला सुरुवात करा, आणि हात कमरेच्या वर जाताहेत तेवढ्यात डावा पाय उचलून टार्गेटच्या दिशेने नेहमीच्या स्टान्सइतका टाका. पाय पडतो तेव्हा क्लब अजून वरच चाललेला असला पाहिजे. पाय टेकला की हात आपोआप खाली ओढले जातात, तिथे काही करायचं नाही. पहिल्या दिवशी बॉल ठेवूच नका. नंतर अर्ध्या वेगाने मारा. लोक हमखास चुकतात ते असं: बॅकस्विंग पूर्ण, एक विश्रांती, मग पाऊल. तसं केलंत तर उशिराचाच सराव होतो. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बघा. डावा पाय जमिनीला लागला त्या फ्रेमला क्लबहेड अजून मागे जातंय का? जात असेल तर बरोबर.

डोलणं थांबवायला उजव्या बाजूचं वेगळं काम आहे. उजव्या बुटाच्या बाहेरच्या कडेखाली एक गोल्फ बॉल ठेवा, म्हणजे पाऊल आतल्या बाजूला किंचित कलतं. आता बॅकस्विंग केला की दाब पावलाच्या आतल्या कडेवर आणि टाचेवरच राहतो, बाहेर सांडत नाही. उजवा नितंब बाजूला न सरकता मागे, तुमच्या पाठीमागच्या भिंतीकडे जातोय असं जाणवायला हवं. त्याच जोडीला एक अलाइनमेंट स्टिक (दिशा बघायची बारीक काठी) उजव्या कमरेला अगदी न चिकटता जमिनीत रोवा. बॅकस्विंगमध्ये तिला धक्का लागला तर तुम्ही सरकलात. मॅटवर स्टिक रोवता येत नसेल तर गोल्फ बॅग उभी करा.

आयटीतल्या मंडळींना एक अडचण हमखास येते. दिवसभर बसून कमरेचे सांधे आत वळायला तयार नसतात. सांधा वळला नाही की शरीर सरकून भरपाई करतं, आणि आपण त्याला तंत्राची चूक म्हणतो. उपाय सोपा: दोन्ही पावलं थोडी बाहेर वळवा, डावं जरा जास्त, वीस-तीस अंश. बॅकस्विंगमध्ये डावी टाच जमिनीवरून सुटली तर सुटू द्या. अमेरिकन गोल्फर जॅक निकलस टाच उचलूनच खेळायचा, आणि त्याने १८ मेजर्स (गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकल्या. टाच परत जमिनीवर आपटणं हाच मग शिफ्टचा उत्तम इशारा होतो. फक्त ती आपटायची क्लब टॉपला पोचायच्या आधी. कंबर किंवा पाठ दुखत असेल तर मात्र ड्रिल्स थांबवून आधी फिजिओला दाखवा. वर जाताना डावीकडे आणि खाली येताना उजवीकडे रेलण्याची सवय, जिला रिव्हर्स पिव्हट म्हणतात, पाठीच्या खालच्या भागाला फार त्रास देते.

डाव्या पायावर पोचल्यावर काय, हेही विचारतात लोक. तिथे नुसतं उभं राहायचं नाही. वाकलेला डावा गुडघा इम्पॅक्टकडे येताना सरळ होतो, जणू जमिनीवरून उडी मारणार. या क्षणी जोरदार मारणाऱ्या खेळाडूच्या पायांखालचा उभा दाब त्याच्या वजनापेक्षा बराच जास्त भरतो. जमीन उलटी ढकलते, डावी कंबर वर आणि मागे जाते, क्लबला वेग मिळतो. पण हा तुमचा आजचा धडा नाही. २२ हँडिकॅपवर आधी वेळ साधली तरी स्कोअरमध्ये फरक दिसेल. आपल्या गोल्फपटू अदिती अशोककडे बघा, लांब मारणाऱ्यांत तिची गणना कधीच नव्हती आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली.

आता मनगटं. ज्यांची पहिली चाचणी नापास झाली त्यांनी इथून सुरुवात करावी. बॉल आणि पिचिंग वेज (जवळच्या शॉटचा, जास्त लॉफ्टचा क्लब) घ्या, तीस-चाळीस यार्डांचा शॉट. इम्पॅक्टला ग्रिपचं टोक बॉलच्या किंचित पुढे, डाव्या मांडीसमोर हवं आणि डाव्या मनगटाची मागची बाजू सपाट. उजव्या मनगटाची मागे मुडपलेली घडी बॉल गेल्यावरही क्षणभर तशीच ठेवायची. क्रिकेटमधून आलेल्यांचा खालचा हात इथे घाई करतो: बॉल जवळ आला की उजवा तळवा पुढे ढकलायचा, जसं ऑनला फ्लिक करतात तसं. त्यासाठी सोपी युक्ती म्हणजे उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा ग्रिपवरून सोडून मारणं. ढकलायला काही उरत नाही. सुरुवातीला बॉल अगदी खालून जातील, घाबरू नका. खालून पण सरळ आणि आवाज करकरीत असेल तर काम होतंय. वीस मिनिटं हेच, मग पुढचं.

या सगळ्याची तपासणी कशी करायची? इथे मी लोकांना रांगोळी आणायला सांगतो. पांढरी, साधी, पुडीतली. सरावाच्या गवतावर माळ्याला विचारून, टार्गेटच्या दिशेला काटकोनात, हातभर लांबीची एक रेघ ओढा. रेघ म्हणजे बॉलची जागा. तिच्यावर बॉल न ठेवता सेव्हन आयर्नचा अर्धा स्विंग करा आणि बघा गवत कुठे कापलं. एक पाऊल बाजूला सरका, पुन्हा. पाच-सहा स्विंगनंतर रेघेशेजारी खुणांची रांग तयार होते आणि ती वाचायला कोच लागत नाही. खुणा रेघेच्या मागे सुरू होत असतील आणि रेघ मधूनच पुसली गेली असेल तर फॅट. खुणा रेघेवर किंवा तिच्या पुढे सुरू होत असतील तर तुम्ही बॉल नीट मारला असता. एक मागे, एक पुढे असं विखुरलेलं असेल तर वेग कमी करा, जोवर खुणा एका रेषेत येत नाहीत. मग रेघेवर बॉल मांडा. बहुतेकांच्या खुणा त्याक्षणी चार इंच मागे सरकतात. बॉल दिसला की उचलायची ओढ परत जागी होते, त्याचा हा पुरावा. तेव्हा दोन स्विंग रेघेवर, एक बॉलवर, असं आलटून पालटून करत राहा.

नुसतीच मॅट मिळत असेल तर हातरुमालाची घडी करून बॉलच्या मागे सुमारे चार-पाच इंचांवर ठेवा. रुमाल हलला तर शॉट कितीही गोड लागला तरी फॅट समजायचा. लाँच मॉनिटर (शॉट मोजणारं यंत्र) असलेल्या सिम्युलेटरवर जात असाल तर कॅरीच्या, म्हणजे बॉल हवेतून किती गेला त्याच्या, आकड्याकडे बघू नका. अटॅक अँगल, म्हणजे क्लब बॉलवर खाली किंवा वर किती अंशांनी येतो ते बघा, सेव्हन आयर्नला तो उणे (खाली) हवा. आणि स्मॅश फॅक्टर, म्हणजे बॉलचा वेग भागिले क्लबचा वेग, तो १.३ च्या आसपास स्थिर येतोय का ते.

व्हिडिओ काढताना मोबाइल अगदी समोर, हातांच्या उंचीवर, बॉलच्या सरळ रेषेत ठेवा. मोबाइल जरा बाजूला ठेवला की वजन आहे त्यापेक्षा मागे किंवा पुढे दिसतं आणि माणूस उगाच नवं काहीतरी दुरुस्त करायला लागतो. पुण्यात पीजीटीआयची (भारतातल्या व्यावसायिक गोल्फ टूरची) स्पर्धा आली तर एक सकाळ काढून सराव चालू असताना खेळाडूंच्या समोरच्या बाजूला उभे राहा. क्लबकडे बघायचा मोह आवरा आणि पंधरा मिनिटं फक्त डावा पाय बघा. क्लब वर जात असतानाच तो रोवला जातो, ते एकदा डोळ्यांना दिसलं की माझ्या या चार पानांपेक्षा जास्त समजेल.

स्टॅक अँड टिल्टबद्दल तुम्हाला कुणीतरी सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. माइक बेनेट आणि अँडी प्लमर या दोघांची ही पद्धत २००७ च्या सुमाराला गाजली. वजन सुरुवातीपासूनच डावीकडे ठेवायचं, उजवीकडे जायचंच नाही. लो पॉइंट पुढे आणायला ती खरंच उपयोगी आहे, आणि डोलणाऱ्या माणसाला दोन-तीन आठवडे औषध म्हणून मी तिच्यासारखे अर्धे शॉट मारायला लावतो. कायमची म्हणून मला ती पटत नाही, विशेषतः ड्रायव्हरला. उजव्या पायाचा रेटाच काढून टाकला की वेग कुठून आणायचा? पण तिच्यावर आयुष्यभर सुखाने खेळणारेही पाहिलेत.

ड्रायव्हर. तिथे बॉल टीवर असतो आणि डाव्या टाचेसमोर, त्यामुळे लो पॉइंट बॉलच्या आधी पडला तरी चालतं, किंबहुना हौशी खेळाडूला ते फायद्याचं असतं. ट्रॅकमॅनच्या त्याच जुन्या सरासरीत पीजीए टूरचे खेळाडू ड्रायव्हर अंशभर खालीच मारतात, एलपीजीएच्या (महिलांच्या टूरवरच्या) खेळाडू मात्र सुमारे ३ अंश वर. ज्यांचा वेग कमी त्यांना वर मारूनच अंतर मिळतं, आणि तुमच्या-आमच्यासारख्यांनी आदर्श घ्यायचा तो त्यांचा. दाबाचं वेळापत्रक तेच राहतं, फक्त डोकं आणि छाती बॉलच्या मागे राहायला हवीत. तुमचा स्लाइस वाढला तो इथे. शिफ्ट करायच्या नादात छाती बॉलच्या पुढे गेली, खांदे उघडले, क्लब बाहेरून आत आला. तेव्हा स्लाइसचा आणि शिफ्टचा संबंध आहे, पण तो एवढाच.

मूळ स्लाइस क्लबफेसचा, म्हणजे क्लबच्या तोंडाचा, आहे. बॉल सुरुवातीला जिकडे निघतो ते बहुतांशी फेस ठरवतो, आणि तो वळतो फेस आणि क्लबची वाट यांच्यातल्या फरकाने. फेस वाटेच्या तुलनेत उघडा (उजवीकडे बघणारा) असला की उजवीकडे वळणार, मग वजन कुठेही असो. ग्रिप बघा: अॅड्रेसला, म्हणजे मारायला उभं राहिल्यावर, खाली मान घातली की डाव्या हाताची दोन, शक्यतो अडीच नकल्स (मुठीवरची हाडं) दिसायला हवीत. बॅट धरायच्या सवयीने क्रिकेटपटूंना बऱ्याचदा एकच दिसते. डावी मूठ उजवीकडे वळवा. आठवडाभर विचित्र वाटेल, बॉल डावीकडे जातील, जाऊ द्या. ग्रिप आणि शिफ्ट एकाच आठवड्यात बदलू नका. आधी शिफ्ट, रेघेवरच्या खुणा सलग पुढे यायला लागल्या की मग ग्रिप.

सरावाचं म्हणाल तर रोज घरी पाच मिनिटं बॉलशिवाय स्टेप ड्रिल, आरशासमोर, पंख्याचा अंदाज घेऊन. रेंजवर बकेटमधला पहिला तिसरा भाग वेजच्या अर्ध्या शॉट्सना, दुसरा रुमाल ठेवून सेव्हन आयर्नला, आणि उरलेला काहीही मारा, ड्रायव्हरसुद्धा, त्याशिवाय रेंजवर गेल्याचं समाधान मिळत नाही. कोर्सवर खेळताना या सगळ्यातली एकच गोष्ट डोक्यात ठेवा: बॉलच्या पुढच्या दोन इंचांवरचं गवताचं एखादं पातं निवडा आणि नजर तिथे. पाय, कंबर, मनगट यांचा विचार शॉट मारताना करू नका. पावसाळ्यात बुटांचे स्पाइक्स तेवढे तपासा. पाय घसरत असेल तर शरीर आपोआप रेटा द्यायचं टाळतं आणि तुम्हाला वाटतं तंत्र बिघडलं.

शेवटचा प्रश्न सेटचा. रुंद सोलचे (तळाचे) आयर्न्स मऊ जमिनीत कमी घुसतात, तेव्हा फॅट शॉटची शिक्षा थोडी हलकी होते, हे नाकारत नाही. पण हल्लीच्या सेव्हन आयर्नचा लॉफ्ट जुन्या सिक्स आयर्नइतका किंवा त्याहूनही कमी असतो, त्यामुळे दुकानात दहा यार्ड वाढलेले दिसतात आणि स्विंग सुधारल्यासारखा वाटतो. या मोसमात नवीन सेट घेऊ नका. आहे त्याचा लाय अँगल (दांडा आणि जमीन यांच्यातला कोन) एकदा तपासून घ्या आणि ग्रिप्स बदला. दोन पावसाळे वापरलेल्या ग्रिप्स गुळगुळीत होतात, त्या निसटू नयेत म्हणून हात आवळले जातात, आणि आवळलेल्या हातांनी वर सांगितलेलं मनगटांचं कुठलंच काम धड होत नाही.